जामीन ठेवलेलं टोलेडो

सत्त्याण्णव सालातला गुरुवार. दुपारी एकला बेल वाजली तेव्हा गिरिजाबाई बॅगेची चेन ओढत होत्या. उद्या सकाळचं विमान. इथे आखातात, करामा भागातल्या शाळेत एकोणीस वर्षं चित्रकलेच्या तासाला स्पेनमधलं टोलेडो शिकवलं, तिथल्या नालाच्या आकाराच्या कमानी फळ्यावर काढल्या. तिथल्या छोट्या चर्चमधलं भिंतभर चित्र मात्र जुन्या कॅलेंडरवरच पाहिलं. व्हिसा दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा मिळाला, तोही एकाच खेपेचा. जूनमध्ये निवृत्ती, मग कायमचं मिरजेला. आत्ता नाही तर कधीच नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

दारात वरच्या मजल्यावरची शालिनी, बापूंची बायको. चेहरा पांढराफटक.

"ताई, बापूंना पोलिसांनी धरलंय. मुहैस्नाहच्या साइटवर परांची कोसळली, एका मजुराचा पाय मोडला. हे फोरमन, म्हणून जबाबदार. कुणाचा तरी पासपोर्ट जामीन ठेवला तर सोडतील, नाहीतर शनिवारपर्यंत आत. इन्शुलिनसुद्धा घरीच राहिलंय. सगळी बिल्डिंग फिरून शेवटी तुमच्याकडे आले."

आता इथली रीतच अशी, की नोकरदाराचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात. गुरुवारी ऑफिसं अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी. शालिनीचा कंपनीत, गिरिजाबाईंचे यजमान उपेंद्र, त्यांचाही कंपनीत. अख्ख्या बिल्डिंगमध्ये घरात असलेला पासपोर्ट एकच, प्रवासासाठी शाळेतून सोडवलेला, आणि तो गिरिजाबाईंच्या पर्समध्ये.

"माझा ट्रॅव्हल एजंटकडे आहे गं," त्या म्हणाल्या. "आता उद्या एअरपोर्टवरच देणार तो."

खोटं कसं लोण्यासारखं निघालं तोंडातून.

"बरं. मी इन्शुलिन तरी देऊन येते," शालिनी म्हणाली आणि जिना उतरली.

उपेंद्र आतून सगळं ऐकत होते. ते बाहेर येऊन बॅगेपाशी उभे राहिले. गिरिजाबाई त्यांच्यावरच खेकसल्या, "बघताय काय? दुसऱ्याच्या नवऱ्यापायी मी माझं टोलेडो सोडू?"

"मी काही म्हटलं का?"

"मग म्हणा ना काहीतरी."

"इन्शुलिन आत नेऊ देतील का, तेवढाच विचार करतोय."

पाच मिनिटं त्या बॅगेवर बसून राहिल्या. स्वतःचा, बापूंचा, त्या मेल्या परांचीचा, सगळ्यांचा राग राग आला. मग चपला अडकवल्या, पर्स उचलली आणि टॅक्सीत बसल्या. "यल्ला भाई, पोलिस स्टेशन. जल्दी."

ठाण्यात अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, व्हिसा पाहिला, आत खोचलेलं तिकीट पाहिलं.

"कल सफर है? केस खत्म होने तक ये नहीं मिलेगा. एक महीना, दो महीना. सोच लो."

गिरिजाबाईंनी टेबलावरच्या पासपोर्टवर हात ठेवला, तो उचलवेना. बाकावर शालिनी बसली होती. मांडीवरची इन्शुलिनची पिशवी तशीच होती.

"खलास," गिरिजाबाई म्हणाल्या. "लिखो."

तासाभराने बापू बाहेर आले. घामाने निथळत होते. "ताई, तुम्ही इथे? तुमचा पासपोर्ट कसा काय?"

गिरिजाबाई पर्सची चेन उगाच मागेपुढे ओढू लागल्या.

"एजंटकडे होता," शालिनीच म्हणाली. "भांडून सोडवून आणला ताईंनी, आपल्यासाठी."

गुरुवारी एजंटचं ऑफिस बाराला बंद होतं, हे करामात कुणाला ठाऊक नव्हतं? म्हणजे शालिनीला खोटं दारातच कळलं होतं. गिरिजाबाईंना तोंड कुठे लपवावं कळेना. टोलेडो हातचं गेलं तेव्हाही न आलेलं रडू त्यांना आता आलं.