भिकीआय बसली की ठक्

मला राग कुणाचा येतो सांगू? जो गाडीसोबत रोगाचं नावही घेऊन येतो, त्याचा. डॉक्टरकडे कोणी असा जातो का, की मला हे झालंय, तुम्ही फक्त मान हलवा? पण कासा नाक्यावरच्या माझ्या गॅरेजात रोज एक तरी येतोच. त्या सकाळी नविन आला.

"सुषमाताई, शाफ्ट गेलाय. माझ्या बाला तूच सांग, गाडी आता बंद कर म्हणून." अजून गाडी स्टँडला लागलीही नव्हती.

त्याचा बाप काळ्याबाबा सीटवर हात ठेवून उभा होता, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. आई भिकीआय सावलीत बसून पान लावत होती.

ही गाडी अख्ख्या रानशेत गावाला ठाऊक. डहाणूच्या एका चिकूवाडीचा शेठ परदेशी गेला तेव्हा राखणदाराला, म्हणजे काळ्याबाबाला, देऊन गेला. जुनी, जड मोटारसायकल, आणि चेनच नाही. इंजिनाची ताकद एका लोखंडी दांड्यातून मागच्या चाकाला जाते, जीपला असतो तसा शाफ्ट. आणि भिकीआय धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी गाऊन. कुठल्याही पाड्यात लग्न असो, काळ्याबाबा तिला याच गाडीवर नेणार. तिचे केस पांढरे झाले, याचे गेले, पण हे काही चुकलं नाही.

आता गाडी चालता चालता ठक् ठक् वाजायला लागली होती. नविनचं म्हणणं, शाफ्टात प्ले, म्हणजे ढिलेपणा, झालाय, दाते झिजलेत, एखाद्या दिवशी चढावर मागचं चाक जाम होईल आणि दोघं खाली दिसतील. सायवनला लग्न होतं, ते त्या दुपारीच. त्याने आईपुरती जीप सांगून ठेवली होती. जीपमध्ये बायका, तांदूळ, भांडी. बापाला जागा नव्हती.

"मागनं बसने जा ना, काळ्याबाबा," मी म्हटलं.

"मी कशाला जाऊ? मी तिचा गाडीवाला." मग जरा जवळ येऊन म्हणाला, "नीट बघ गो. गेला असेल तर गेला सांग. पण बघ."

तसा नविन वेडा नव्हता. या गाडीचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत. शाफ्ट गेला म्हणजे गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणजे या दोघांचं बरोबर जाणं गेलं.

गाडी डबल स्टँडवर चढवली. गियर टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे हलवलं. जरासं फिरलं आणि अडलं. बारीक टक् झालं.

"बघ," नविन म्हणाला.

"काय बघ? एवढा प्ले लागतोच. दात्यावर दाता आवळून बसवला तर गाडी जागची हलेल का? तू तिकडे उभा राहा."

मग चाक वरून आणि खालून धरून ढकललं, ओढलं. बेअरिंग घट्ट. रबर सारून जॉइंट पिळून पाहिला, तोही ठीक. मागच्या गियरचं ऑइल काढून बोटांत चोळलं, उन्हात धरलं. लोखंडाचा चुरा असता तर चमकला असता. काही नाही. शाफ्टाचे दाते तेवढे कोरडे होते, त्यांना ग्रीस लावलं. म्हटलं, हेच असणार. जोडली गाडी, मीच चालवून आणली. आवाज नाही. काळ्याबाबा एकटा चालवून आला. आवाज नाही. मी जाम खूश.

"आता आयला बसव," नविन म्हणाला.

भिकीआय बसली, दोघं सायवनच्या रस्त्याला थोडं जाऊन आले. काळ्याबाबाने गाडी थांबवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाजते."

"वजन पडलं की वाजते. म्हणजे शाफ्टच," नविन म्हणाला.

मी भडकले. "तुझ्या आयचं वजन किती आणि तुझं किती? बस तू मागे." नविन म्हणजे दोन भिकीआय. बापलेक जाऊन आले. आवाज नाही. मग मी भिकीआयला मागे घेऊन गेले. तरी नाही. गाडी वाजायची ती फक्त काळ्याबाबा पुढे आणि भिकीआय मागे असली की. माझं डोकं फिरायची पाळी आली.

"जीप येईल आता," नविन म्हणाला. काळ्याबाबा खाली बसला.

"उठा," मी म्हटलं. "दोघं बसा. मी माझ्या स्कूटरवर बाजूने येते."

नाका मागे पडला आणि मागच्या सीटवर भिकीआय गायला लागली. नेहमीसारखी, लग्नातली गाणी. घरात गायली तर शेजारी विचारतात, लग्न कुणाचं? म्हणून तिची सगळी तयारी या सीटवर. मी कान शाफ्टाकडे लावले होते. ठक्. ती गप्प झाली, परत ठक्. पुढची ओळ, परत ठक्. मग माझं लक्ष काळ्याबाबाच्या उजव्या मुठीकडे गेलं आणि मी स्कूटर जवळजवळ गटारात घातली.

तिने ओळ उचलली की म्हातारा एक्सलेटरची मूठ सोडायचा. इंजिन गप्प व्हायचं. ती दमाला थांबली की मूठ पिळायचा. दर वेळी शाफ्टाचे दाते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आपटायचे. चेनची गाडी असती तर चेनने झोल खाल्ला असता, कुणाला कळलंही नसतं. शाफ्ट ठोकून सांगतो.

गॅरेजसमोर येऊन मी सगळ्यांसमोर विचारलं, "काळ्याबाबा, भिकीआय गाते तेव्हा तुम्ही एक्सलेटर का सोडता?"

"मी? नाही बा."

"सोडता. मी बघितलं."

त्याने आपली उजवी मूठ उघडून पाहिली. "इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही ना," तो म्हणाला. "वय झालं. कान गेले."

भिकीआय सीटवरून खाली उतरली. "तू ऐकतोस? सगळ्या लग्नांत मांडवामागे घोरत पडतोस तू. मला वाटायचं, तुला माझ्या गाण्याचा कंटाळा."

"मांडवात तू नवरानवरीसाठी गातेस," काळ्याबाबा म्हणाला. "ते त्यांचं. माझं रस्त्यात होऊन जातं."

भिकीआय पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मीही पुसले, ग्रीसच्या हातांनी, तोंड काळं झालं. इतका आनंद मला पार्ट मिळाल्यावरही होत नाही.

"शाफ्टाला काही झालेलं नाही," मी नविनला सांगितलं. "म्हाताऱ्या गाडीत असावा तेवढाच प्ले आहे. काळ्याबाबा, मूठ एकसारखी धरा म्हणजे झालं."

"मग ऐकू कसं येणार?"

"कानाशी गाईन," भिकीआय म्हणाली आणि सीटवर चढली. "चल, उशीर होतो."

जीप आली तेव्हा नविनने तिच्यात फक्त तांदूळ चढवले. त्याला चार शब्द सुनवायची माझी तयारीच होती, पण तोच म्हणाला, "बा, हळू जा." गाडी निघाली. भिकीआय काळ्याबाबाच्या खांद्यावर वाकली होती. नाक्यापर्यंत आवाज नाही. पार वळणापर्यंत नाही. वळणावर मात्र एक ठक् आला.

नविनने माझ्याकडे पाहिलं.

"आवडतं गाणं लागलं असेल," मी म्हटलं आणि पाने-पकडी गोळा करायला लागले.