पुसल्या गेलेल्या रेघा

"पाहिलंत? पाणी रेघेपर्यंत आलं आणि मुकाट मागे फिरलं!"

रेघबाबा किराणा दुकानाच्या आतल्या भिंतीवर काठी ठोकत होता. मागच्या पुराचा चिखल खाली, त्याच्या बोटभर वर बाबाने पुराआधी मारलेली खडूची रेघ. दुकान हात जोडलेल्या माणसांनी गच्च भरलेलं. बाहेर पाऊस कोसळत होता, नदी पुन्हा चढत होती आणि सामान हलवायचं सोडून ही मंडळी माना डोलवत होती. काय म्हणावं यांना!

"आणि ज्यांच्या रेघा पुसल्या गेल्या?" शाळेतल्या बाईंनी विचारलं.

"त्यांची श्रद्धा कमी पडली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खालच्या गल्लीतली शिंपीण मान खाली घालून उभी होती. तिचं शिलाई मशीन पुरात गेलं, आणि वर दोषही तिच्याच माथी!

बाई भावाकडे वळल्या. त्याचं घर शिंपिणीच्या शेजारीच, आणि आत अंथरुणाला खिळलेली आई.

"दादा, आईला वर शाळेत ने. आत्ता."

"अगं, कालच रेघ मारून घेतलीय. आता हलवलं तर बाबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

बाईंनी पिशवीतून पाटी काढली, वरपासून खालपर्यंत एकाखाली एक खडूच्या आडव्या रेघा ओढल्या आणि दुकानदाराच्या बादलीत ती अर्धी बुडवून फिरवली. खालच्या रेघा गेल्या. वरच्या जशाच्या तशा.

"बुडाल्या त्या पुसल्या. उरल्या त्यांच्यापर्यंत पाणी पोचलंच नाही. मग उरलेली प्रत्येक रेघ पाण्याच्या वरच दिसणार ना? चमत्कार कसला डोंबलाचा!"

कुजबुज सुरू झाली. बाईंनी फळीवरचा ऑइलपेंटचा डबा बाबापुढे आदळला.

"न पुसणारी रेघ मारा माझ्या आईच्या भिंतीवर. आणि तिला उचलून तिच्या खाटेवर आज तुम्ही झोपा."

"रंग... रंग अपवित्र असतो," बाबा चाचरला आणि दाराकडे सरकला.

तेव्हा शिंपिणीने मान वर केली. "माझी श्रद्धा कमी नव्हती हो," ती रडत ओरडली. "माझं घर खाली होतं!"

दादा घराकडे धावत सुटला.

संध्याकाळी त्याच्या खिडकीतून पाणी आत शिरलं, तेव्हा आई शाळेत घोंगडीत गुरफटून चहा पीत होती.

पूर येतो तो डोंगरातल्या पावसाने. तो कुणाची श्रद्धा तपासत नाही. म्हणून कुणी चमत्कार दाखवायला आला, की त्याला एवढंच विचारा: जिथे चमत्कार फसला, ती घरं कुठे आहेत? आणि आधी स्वतः तिथे जा.