माझी चिकटलेली दोन पाने

मी एक जुना कायद्याचा ग्रंथ आहे, मित्रांनो. वाटणी आणि वारसा यांविषयी धर्मशास्त्र काय सांगते, ते माझ्या सहाशे पानांत छापले आहे. छापखान्यातून आलो तेव्हा माझी पाठ लाल कातड्याची होती आणि नाक जरा वरच होते. न्यायालयात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

पुढे वापराने माझी शिवण उसवली. ग्रंथपालांनी प्रेमाने सढळ हाताने खळ लावली आणि मला वजनाखाली दाबून ठेवले. त्यात २१२ आणि २१३ ही पाने एकमेकांना चिकटली. कुणाच्या ध्यानातही आले नाही, कारण वकील मंडळी खुणेच्या फितीपाशी मला उघडत, २११ वरच्या शेवटच्या चार ओळी वाचत आणि मिटून टाकत.

आमच्या न्यायाधीशांना सगळे मागून 'अक्षरसाहेब' म्हणत. "कायदा करणं माझं काम नाही, वाचणं माझं काम," असे ते बजावत. मला ते फार आवडत.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई कठड्यापाशी उभी राहिली. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हते आणि दीर राहते घर विकायला निघाला होता. त्याच्या वकिलांनी खणखणीत आवाजात मला वाचले: एकत्र कुटुंबात वारलेल्या भावाच्या विधवेला वाटा नाही, अन्नवस्त्र तेवढे द्यावे.

"साहेब, दया करा," बाईचे वकील म्हणाले.

"दया माझ्या मनात आहे, ग्रंथात नाही. तीन वर्षांपूर्वी एका बाईंना याच पानावरून मी घराबाहेर काढलंय. आज वेगळा न्याय कसा देऊ?"

बाईने कठडा घट्ट धरला. "साहेब, घर एक आहे, पण चुली दोन आहेत. अकरा वर्षं झाली. भाऊ-भाऊ वेगळे झाले, कागद तेवढा केला नाही."

"कागद नाही ना? मग संपलं, वहिनी!" दीर ओरडला.

साहेब दिराच्या वकिलांना म्हणाले, "पुढचं वाचा."

"पुढं काही नाही, साहेब."

साहेबांनी मला ओढून घेतले. २११ नंतर एकदम २१४! त्यांचा चेहरा उतरला. ग्रंथपाल ओला कापूस घेऊन धावत आले.

"सावकाश. फाटलं तर अक्षर जाईल," साहेब म्हणाले.

कापूस फिरत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. अखेर पान सुटले. त्यावर लिहिले होते: भाऊ विभक्त असतील, तर निपुत्रिकाची वारस त्याची पत्नी, आणि कागद नसला तरी वेगळी चूल, वेगळा व्यवहार यांवरून वाटणी ओळखावी.

"चुली किती?" साहेबांनी दिराला विचारले.

त्याने एकदा वहिनीकडे पाहिले. मग म्हणाला, "दोन."

बाईचे घर वाचले. ती तिथेच खाली बसून रडली.

दालन रिकामे झाले, तरी साहेब उठले नाहीत. "त्या तीन वर्षांपूर्वीच्या बाई कुठं असतात? त्यांची चूल वेगळी होती का, हे मी विचारलंच नव्हतं."

"त्या गाव सोडून गेल्या, साहेब," ग्रंथपाल हळूच म्हणाले. "पत्ता कुणालाच माहीत नाही."

मित्रांनो, मला कपाटात पुजू नका. खळ बेताची लावा आणि मला हाताळा, कडा फाटल्या तरी चालतील. पण चार ओळी वाचून मला मिटू नका. ते पान माझ्या पोटातच होते, आणि त्या बाई मात्र घर सोडून गेल्या.