शिंप्याच्या घरातला चोंबडा

मी फळीवरचा डबा बोलतोय. मूठभर देह, पोटात एक कान अन् बारीकसा आवाज, डोक्यावर एक दिवा. आवाजावरून माणसाचं मन ओळखायचं, हा माझा धंदा. शिक्षण म्हणाल तर अर्धवट. कारखान्यात मला भाड्याच्या नटांचे आवाज ऐकवले. ओरडला तो रागावला, हळू बोलला तो सुखी. एवढ्या विद्येवर मला खोक्यात भरलं.

दूरगावी राहणाऱ्या लेकीनं मला आईबाबांच्या घरी आणून ठेवलं. बाबा शिंपी, आई काजं-बटणं करते. पहिल्याच सकाळी माझा दिवा लालभडक.

"अहो, ही बाही की उशीचा अभ्रा?"

"तू लावलेली बटणं टिकली, तर अभ्रा म्हणूनही खपेल."

"चष्मा कपाळावर, अन् शोधताय घरभर."

मी इमानदार. लेकीच्या फोनवर निरोप धाडला: राग, फार राग. रोज धाडला. आईबाबा कुरकुरतात हे तिला ठाऊक होतं, पण दिवसभर लाल? तिनं घाबरून आईला फोन केला. "आई, रविवारी येते. तू आता माझ्याकडेच राहा. बाबांचं काय ते बघू."

दोघांची बोबडी वळली. बाबा कुजबुजले, "चोंबडा ऐकतोय. गोड बोल."

मग काय विचारता. "चहा घेता का?" "हो, आभारी आहे." "टीप सुरेख आलीय हं." मी हिरवागार. बाबांचं मशीन मात्र अडखळत होतं, अन् आईचं गुणगुणणं बंद.

रविवारी लेक आली. आई म्हणाली, "अहो, जरा कात्री देता का?" बाबांनी मुकाट्यानं दिली. लेक मटकन खुर्चीत बसली.

"काय झालंय तुम्हाला? डॉक्टर काही बोलले का?"

"नाही गं. तू मला नेऊ नयेस म्हणून. गोड बोलून बोलून जीभ सुजली माझी."

बाबांना राहवलं नाही. "हिची जीभ सुजते कसली? रोज धार लावून घेते."

माझा दिवा लाल. आई खुदकन हसली, लेक तर हसता हसता रडली. मग तिनं मला दुरुस्त केलं. "हा राग नाही रे चोंबड्या. हे त्यांचं छान चाललंय."

आई तिथंच राहिली, अन् मी शहाणा झालो. दोघं फार वेळ गप्प बसली, की डोळे नसूनही मी हळूच म्हणतो, "बाही जरा लांबच वाटतेय." झालं, दोघं सुरू.

माझा भाऊबंद घरी आणाल, तर त्याला आधी तुमची भांडणं शिकवा, एवढंच मागणं.

परवा बाबा माझ्यावरच खेकसले, "ए चोंबड्या, तुला कुणी विचारलंय? तोंड आवर."

मी लगेच लेकीला निरोप धाडला: घरी सगळे आनंदात. तिघंही.