कड्यांतला बर्फ

दिगंबरकाकांच्या गळाच्या काठीला सहा कड्या होत्या. टोकाची कडी सगळ्यात लहान, मण्याएवढी. गळाचा दोरा या कड्यांतून ओवलेला आणि मुठीजवळच्या रिळावर गुंडाळलेला. गोठलेल्या तळ्याला पाडलेल्या भोकातून रीळ फिरवून तो वर घेतला की तळ्याचं पाणीही बरोबर येई आणि उणे बारा अंशांच्या हवेत कड्यांमध्येच गोठे. पंधरावीस खेपांत टोकाची कडी बुजून जाई. मग काका हातमोजा काढून कडी चिमटीत धरत, तिला ऊब देत आणि नखानं बर्फ टोकरत. बारा हिवाळे हेच चाललं होतं. यंदा जानेवारीत मात्र त्यांची दोन बोटं पांढरीफटक पडली. पुन्हा असं झालं तर बोटं वाचतील याची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काकांची मुलगी नीना जन्मानं अमेरिकन, पण हट्टानं बापावर गेलेली. ती म्हणाली, "बाबा, लास्ट चान्स. रविवारी देवयानी बरोबर येईल. एकदा जरी ग्लव्ह काढलात, तर सगळं सामान मी डोनेट करणार."

देवयानी काकांच्या घरी वरच्या खोलीत राहायची आणि ॲन आर्बरच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानात पीएच.डी. करायची. हा प्रश्न तिनं आपणहून अंगावर घेतला होता. तीन आठवडे काकूंच्या फ्रीजरमध्ये भाज्यांशेजारी जुन्या काठीच्या कड्या पडून होत्या. काकांचं म्हणणं, खोबरेल तेल लावू.

"काका, ते पुण्यातसुद्धा डिसेंबरात गोठतं. उन्हात ठेवायला लागतं."

"मग तुझं सायन्स काय म्हणतं?"

सायन्स सिलिकॉनचा स्प्रे म्हणत होतं. कडीवर ड्रॉपरनं पाणी सोडायचं, गोठू द्यायचं, टिचकी मारायची. स्प्रे मारलेल्या कडीवरून बर्फ एका टिचकीत सुटत होता. चाळीस वेळा करून पाहिलं, चाळीसही वेळा सुटला. वहीत तसे आकडे होते.

रविवारी सकाळी काकांनी गिरमिटानं बर्फात वीतभर रुंद भोक पाडलं. दोन रिकाम्या बादल्या उपड्या घालून दोघं त्यांवर बसली. तंबू काकांना मान्य नव्हता. तंबूतच बसायचं तर घरी काय वाईट, असं त्यांचं मत. देवयानी प्रत्येक खेपेला वहीत रेघ ओढत होती. आठवी खेप, नववी, दहावी. टिचकी मारली की बर्फ गळून पडत होता. ती मनातून सुखावली.

सतराव्या खेपेला टिचकीनं काहीच झालं नाही. अठराव्याला दोरा अडला.

देवयानीनं कडी निरखून पाहिली. आतल्या कडेला, नेमका जिथून दोरा सरकतो तिथे, स्प्रे पार खरवडून निघाला होता. फ्रीजरमधल्या एकाही कडीतून तिनं दोरा ओढून पाहिला नव्हता. चाळीस वेळा नुसतं पाणी सोडलं होतं.

काकांनी उजव्या हातमोज्याचं टोक दातांत धरलं.

"काका."

"पाच सेकंदांचं काम आहे. तू तिकडे बघ."

"मग नीनाला काय सांगू?"

"तिकडे बघत होते म्हणून सांग."

देवयानी हसली नाही. कडीत बर्फ होतो, कारण ओला दोरा कडीतून जातो. तीन आठवडे ती कडीच्याच मागे लागली होती. दोरा तिथून जायलाच हवा का, हे तिनं विचारलं नव्हतं.

"काका, देवगडला तुमच्या विहिरीवर रहाट होता?"

"कसला रहाट? दोरीला कळशी बांधायची आणि शेंदायचं. का गं?"

"मग काठी खाली ठेवा आणि शेंदा. रीळ फिरवूच नका. टोकापासून पाण्यापर्यंतचा दोरा मोकळाच आहे, तेवढाच हातांनी घ्या. कड्या बुजल्या तर बुजू देत."

काकांनी दातांतला हातमोजा सोडला. "दोरा ओला असेल. बर्फावर पडला की चिकटेल."

देवयानी उठली आणि आपली बादली सुलटी करून तिनं त्यांच्यासमोर ठेवली.

पाऊण तासानं काठीचं टोक हललं. काकांनी काठी पायाशी ठेवली आणि जाड हातमोज्यांनी दोरा शेंदायला सुरुवात केली, एका हातावर दुसरा हात, घाई न करता. वेटोळी बादलीत पडत गेली. भोकातून पिवळ्या अंगाचा, काळ्या पट्ट्यांचा पर्च मासा तडफडत वर आला.

आणि काका थांबले. गळ माशाच्या ओठात होता. जाड हातमोज्यांनी तो निघणार नव्हता. हेही वहीत कुठे नव्हतं.

 मासा तसाच लोंबकळत धरून ते तिच्याकडे बघत राहिले.

देवयानी गुहागरची, पण तिच्या घरी मासे शिजत नसत. मासा तिनं कधी हातातसुद्धा घेतला नव्हता. तिनं स्वतःचे हातमोजे काढून खिशात कोंबले.

"कल्ल्यामागून धर. पाठीवरचे काटे टोचतील हं. गळ जसा गेलाय, तसाच मागे घे."

काटे टोचलेच. बोटं आधी झोंबली, मग बधिर झाली. तिसऱ्या प्रयत्नात गळ निघाला.

दुपारपर्यंत असे चार मासे आले. सामान आवरताना नीनाचा फोन आला.

"ग्लव्हज?"

"काकांनी एकदाही काढले नाहीत."

"आणि फिश?"

"चार."

 "मग हुक कोणी काढला?"

"मी."

काका कोरडी झालेली बादली पुन्हा पुसत होते.

"नेक्स्ट संडे तू फ्री आहेस?" नीनानं विचारलं. "बाबा एकटे जाणार असतील तर माझं उत्तर नोच आहे."

देवयानीनं बोटांवरच्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं. एवढी खटपट करून उत्तर निघालं होतं, पण ते सोबत दुसरं कुणी असलं तरच लागू पडणारं.

"आहे फ्री," ती म्हणाली. "पण लांब दांड्याचा चिमटा घेऊन येईन."

काकांनी बादली खाली ठेवली आणि तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं.