चौदा नंबरचा लाल दिवा

सिंगापूरमधल्या एका खासगी रुग्णालयात नर्सेसची युनियन आणि व्यवस्थापन यांची तिसरी बैठकही अडली. नव्या कराराची बाकी कलमं ठरली होती. एकच उरलं होतं: एका नर्सकडे सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत. व्यवस्थापनाच्या वतीने बसलेले विवेक म्हणत होते, नऊ जमतात, आजवर जमलेच आहेत.

युनियनच्या प्रतिनिधी मेधाताई बावीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी वाद घातला नाही. उद्या दुपारी वॉर्डात येऊन तासभर बसा, एवढंच सांगितलं.

विवेक गेले. तीनच वाजले होते, पण आभाळ इतकं दाटलं होतं की दिवे लावावे लागले. नर्सेस धावत होत्या, तरी वॉर्ड विचित्र शांत होता. इतक्यात चौदा नंबरच्या खाटेवरचा, पेशंटने बेल दाबली की लागणारा लाल दिवा लागला. खाट रिकामी होती. उशीवर एक सुरकुती नव्हती. एक नर्स हातातलं काम टाकून तिथे गेली, क्षणभर उभी राहिली आणि दिवा बंद करून परतली. दहा मिनिटांनी तो पुन्हा लागला. पुन्हा कोणीतरी गेलं.

विवेकनी वायरिंगचं विचारलं. दोनदा तपासलं, काही सापडलं नाही, असं शेजारी उभ्या मेधाताई म्हणाल्या.

"मग रिकाम्या खाटेपाशी जाता कशाला?"

"गेल्या महिन्यात तिथे एक आजोबा होते. त्यांनी चार वेळा बेल दाबली. आमच्या क्षिप्राकडे त्या दिवशी नऊ पेशंट होते, ती दुसऱ्याचा रक्तस्राव थांबवत होती. पोहोचली तेव्हा आजोबा गेले होते. बोट बटणावरच होतं. आता दिवा लागला की आम्ही जातो. भीती वाटते, तरी जातो."

त्या मृत्यूचा अहवाल विवेकनी वाचला होता. 'विलंब' हा शब्द वाचून पान उलटलं होतं.

दिवा तिसऱ्यांदा लागला. या वेळी कोणीच मोकळं नव्हतं. विवेक स्वतः उठले. खाटेपाशी जाऊन त्यांनी चादरीवर हात ठेवला. चादर कोमट होती!

चौथ्या बैठकीत ते आपल्याच वरिष्ठांना म्हणाले, "नऊ जमत नाहीत. मी पाहिलंय."

पुढे दोन आठवडे घासाघीस चालली. अखेर सात रुग्णांवर एकमत झालं, आणि प्रत्येक पाळीत अडल्या वेळी धावून येणारी एक जादा नर्स कलमात आली. सभासदांनी करार मंजूर केला. क्षिप्राने हात वर केला तेव्हा ती रडत होती.

वाचकहो, युनियनने काही मागितलं की आपण चटकन म्हणतो, यांना काम नको. पण रुग्ण कमी द्या असं नर्स सांगते, ते आपल्यापैकीच कोणापाशी तरी वेळेत पोहोचता यावं म्हणून. तिचं ऐकायला कोणाच्या मरणाची वाट पाहू नये.