फोटोतलं वांगं

भूपेंद्रने कॅरेटमधलं एक वांगं उचललं, आपल्या फोनशेजारी धरलं आणि दोन्हींकडे आलटूनपालटून पाहिलं. जाम गावच्या चौकातल्या त्याच्या ढाब्यावर ट्रकवाले चहा पीत होते. त्यांच्यादेखत तो म्हणाला,

"काका, हे वांगं या वांग्याचं कोन लागते?"

एक ट्रकवाला मोठ्याने हसला. भाजी घेऊन आलेल्या श्रावणने वाकून फोनमध्ये पाहिलं. काल संध्याकाळी त्यानेच पाठवलेला फोटो होता. त्यातलं वांगं तेल चोपडल्यासारखं चकचकीत दिसत होतं. भूपेंद्रच्या हातातलं वांगंही ताजं होतं, सकाळीच तोडलेलं, पण साधं. वांग्यासारखं.

"तेच हाय, बापा. म्याच काढला फोटो."

"मागच्या हप्त्यात पालकाचं बी असंच झालं. दुसऱ्याच्या वावरातले फोटो टाकता का जी? पुन्हा असं झालं त मी आपला मंडीतून माल उचलीन."

श्रावणने कॅरेटमधली वांगी तिथल्या टोपलीत ओतली. रोज संध्याकाळी तो उद्याच्या भाजीचा फोटो पाठवायचा, तो पाहून भूपेंद्र काय आणि किती ते कळवायचा. आयुष्यभर बाजारात बसून भावासाठी लोकांची बोलणी त्याने ऐकली होती. पण खोटारडा त्याला कुणी म्हटलं नव्हतं. रिकामं कॅरेट गाडीला बांधताना त्याच्याकडून दोरीची गाठ दोनदा सुटली.

घरी त्याची बायको गोपिका अंगणात भिंतीला टेकून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या बांधत होती. पूर्वी हे काम ती वावरातच करी. आजकाल ऊन सोसत नाही म्हणे.

"फोन बदलवून टाकतो," तो म्हणाला.

"किशोरनं देल्ला तो? काऊन जी?"

"खोटं बोलते तो."

"फोन थोडी बोलते. बोलता त तुमीच त्याच्यात." ती हसली, आणि हसता हसता थांबून तिने श्वास घेतला. "राहू द्या न. पोराले काय वाटन? रविवारी त्याच्यातूनच माह्या फोटो जाते. म्हनते, आई पुण्यातल्या बायांपरीस मस्त दिसते."

"पोराले दिसते मस्त. मले लोकं हासून राह्यले."

त्याने एक वांगं पिशवीत टाकलं आणि हिंगणघाटची बस धरली.

मोबाइलच्या दुकानातला कैलास आधी खूश झाला. "याच्याहून भारी कॅमेरा पाह्यजे का, काका?"

"भारी नोको. जसं हाय तसं दाखवनारा दे."

श्रावणने वांगं काचेच्या काउंटरवर ठेवलं. कैलासने श्रावणच्याच फोनमध्ये शिरून हे बंद केलं, ते चालू केलं. चमक थोडी उतरली, गेली नाही.

"कंपन्याच टाकून देते हे आतमंधी. लोकाईले आवडते न."

मग एकेक नवा फोन बाहेर निघाला. कैलास फोटो काढी, श्रावण वांगं फोनशेजारी धरून पाही आणि मान हलवी. एकात ते निळं आलं. एकात देठ इतका हिरवा आला, की वांगं नुकतंच रंगवून आणल्यासारखं दिसू लागलं. बाजूला एक कॉलेजातली मुलगी उभी होती. तिने त्यातला एक फोन उचलून स्वतःचा फोटो काढला.

"आजोबा, हा घ्या. याच्यात मी बी गोरी दिसते!"

"मले वांगं विकाचं हाय, पोरी. त्याचं लगन नाई लावाचं."

सगळे हसले, कैलास सोडून. त्याचं काउंटर फोनांनी भरलं होतं आणि बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेवटी त्याने खालच्या खणातून दुसऱ्याच कंपनीचा एक जाडसर फोन काढला.

"हा पाहा. पन हा कोनी घेत नाई. फोटो मरगळलेला येते याच्यात."

श्रावणने वांगं फोटोजवळ नेलं. देठाजवळचा काट्याचा ओरखडा फोटोत होता. पानाच्या सावलीने फिका राहिलेला पट्टा होता. जांभळा तोच, ना कमी ना जास्त.

"हाच," तो म्हणाला.

संध्याकाळी उन्हं अजून अंगणात होती. त्याने वांगी कॅरेटमध्ये नीट लावली. गोपिकेला सांभाराच्या जुड्या हातात देऊन मागे बसवलं आणि फोटो काढला. तो भूपेंद्रला पाठवला. पोराला वाईट वाटू नये म्हणून किशोरलाही पाठवला, नवा फोन घेतल्याचं सांगून.

भूपेंद्रचा आवाजातला निरोप लगेच आला. "काका, आज कसा बरोबर फोटो टाकला! आना सकाळी, सगळाच माल आना."

"आयकलं?" श्रावण म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला. तेवढ्यात किशोरचा फोन आला.

"बाबा, आईले काय झालं?"

"काय होते तिले? हे काय, बसली जुड्या बांधत."

"फोटो पाहा न तुमी. तिचे ओठ पाहा. बिमार हाय का ते?"

"अरे, हा फोनच तसा हाय. मरगळलेला येते याच्यात फोटो. दुकानात कोनी घेत बी नाई..."

बोलता बोलता तो थांबला. त्याने फोन कापला. फोटो उघडला आणि गोपिकेसमोर जाऊन उकिडवा बसला. फोन त्याने तिच्या गालाशेजारी धरला.

"काय करता जी?"

"हालू नोको."

"मी का वांगं व्हय?" ती हसली आणि तिला धाप लागली.

श्रावणने फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. ओठांत रंग नव्हता. फोटोतही नव्हता. डोळ्यांखालचा फिकेपणा तोच, ना कमी ना जास्त. कधीपासून, ते त्याला आठवेना.

"सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला.

"अन् जामचा माल? सगळाच मांगतला न त्यानं."

त्याने कॅरेट ओढून भिंतीच्या सावलीत नेलं आणि त्यावर ओलं पोतं टाकलं. परत येऊन तिच्या हातातली अर्धी बांधलेली जुडी काढून घेतली आणि तिच्याजवळ बसून तो ती बांधू लागला. फोन पुन्हा वाजायला लागला होता.